डावीकडे ओढते

९ डिसेंबर २००१

सकाळी रामकुंडावर गेलो. गोरक्षच्या आईचा दहावा. पाणी थंड, माणसे पुष्कळ. कावळा लवकर शिवला, म्हणून सगळे मोकळे झाले. प्रवचन संपल्यावर माइकवर नावे पुकारायला सुरुवात झाली. पुढाऱ्यांच्या माणसांनंतर आमचा क्रम. “हिरामणशेठ परिवारातर्फे त्यांचे जावईबापू श्रद्धांजली वाहतील.” मी उठून बोललो. बाईंना मी कधी पाहिले नव्हते. त्या पहाटे उठत, दारी आलेल्याला उपाशी पाठवत नसत, असे बोललो. हे बहुतेक सगळ्यांच्या आईबद्दल खरे असते. गोरक्ष रडला.

गोरक्षची घोटीला भाताची गिरणी आहे, घर इगतपुरीला. दसऱ्याला त्याने आमच्या शोरूममधून नवी गाडी नेली. निघताना त्याने माझे दोन्ही हात धरून ठेवले. “जावईबापू, तुम्ही आले. हे मी मरेपर्यंत इसरणार नाय.” त्याची पत्नी मैना मागे उभी होती.

परतताना गोटीराम म्हणाला, “आज लय भारी बोलले तुम्ही. माझ्या टायमाला पण असंच बोला.” गोटीराम शोरूमची जीप चालवतो.

“तू कुठे आमचा ग्राहक?”

“मंग राहिलं.”

माझे काम हेच आहे. टेबलावरच्या पाटीवर ‘ग्राहक संबंध’ असे लिहिले आहे. ग्राहकाच्या घरी लग्न, बारसे, वास्तुशांत, दहावा असेल तिथे जायचे. लग्नात जेवायचे, दहाव्याला बोलायचे. लग्नाआधी मी सटाण्याच्या कॉलेजात तासावर मराठी शिकवत होतो. हिरामणशेठ म्हणजे माझे सासरे. त्यांना सगळे दादा म्हणतात. त्यांनी मला एका लग्नात आभार मानताना ऐकले आणि आपली मुलगी तृप्ती दिली. माझी जीभ स्वच्छ आहे, असे ते म्हणाले. मला तेव्हा बरे वाटले होते.

१६ डिसेंबर

कंपनीचा साहेब दिल्लीहून आला. हॉटेलात पडद्यावर आलेख दाखवले. गाडी विकणे सोपे, तोच ग्राहक पुन्हा आपल्याकडे येणे कठीण, असा त्याचा विषय. आता दिल्लीहून ग्राहकांना थेट फोन येणार. समाधानी आहात का, दहापैकी किती गुण द्याल. लेखी तक्रार आली तर गुण कापणार. जूनपर्यंत ज्या एजन्सीचे गुण वर राहतील तिला धुळ्याचे नवे शोरूम.

दादांनी मूळ धंदा विंचूरच्या बाजारात केला. कांद्याची आडत होती. ते उठून म्हणाले, “साब, जिसके घर का खाना खाया, वो आदमी अपना ट्रॅक्टर दूसरे की आडत पे नहीं ले जाता. कांदा हो या गाडी.” साहेब हसला आणि त्याने ते लिहून घेतले.

रात्री जेवताना दादा म्हणाले, “धुळं भेटलं तर जावईबापू, तिथं तुमच्यासारखाच माणूस पाहिजे.” मेहुणा रोहित ताटाकडे पाहत होता.

वर खोलीत आल्यावर तृप्तीने विचारले, “धुळ्याला पाणी कसं असतं हो? रोज येतं?” मी म्हणालो, मला काय माहीत. तिला कुठेही गेले तरी आधी पाण्याची काळजी.

२४ जानेवारी २००२

आमची खोली वर आहे. जिना दिवाणखान्यातून जातो. दादा तिथेच बसलेले असतात. वर जाताना आणि खाली येताना ते विचारतात, “काय जावईबापू?” मी हसतो. सहा वर्षे हसतो आहे.

तृप्तीने आज वातींचा स्टोव्ह आणला. घरात गॅस आहे. का आणला विचारले तर आवडला म्हणाली. खोके न उघडता पलंगाखाली सरकवला.

रोहित मित्राच्या लग्नासाठी धुळ्याला गेला आहे. पौषात लग्न. असेल, त्यांच्यात करत असतील.

दुपारी गोरक्ष आला. तांदळाची पिशवी घेऊन. “इंद्रायणी हाय. घरचा. ताईंना द्या.” चहा झाला. पाऊस, गिरणी, भाऊबंदकी झाली. तो उठला, पुन्हा बसला.

“गाडी कशी आहे?” मी विचारले.

“गाडी बेस्ट. गाडीला नाव नाय ठेवायचं.” मग खाली बघून म्हणाला, “ब्रेक दाबला की जरा डावीकडं जाते.”

“जरा म्हणजे?”

“जरा म्हंजे… जराच. घाटात समजतं. तक्रार नाय बरं का. आपलं सांगून ठेवलं.”

“वर्कशॉपला दाखवू.”

“तुम्हाला तरास नको. मला वाटलं माझाच पाय तिरपा पडत आसंल.”

त्याला कसाऱ्याचा घाट चुकत नाही. तांदूळ घेणारे व्यापारी शहापूरला, कल्याणला. आठवड्यातून बऱ्याचदा तो घाट उतरतो. बहुधा मैना बरोबर असते. उधारी तीच वसूल करते, असे तो हसत म्हणाला.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाल्यावर लखनने गोरक्षची गाडी फिरवून आणली. लखन आमचा फोरमन. गाडीतून उतरला तेव्हा हसत नव्हता.

“उजव्या चाकाचा ब्रेक पूरा पकडत नाय. डावा पकडतो. म्हणून ओढते.”

“मग दुरुस्त कर.”

“साफ केलं, सेट केलं. चार दिवस बरी चालंल, परत तेच. आतला पार्टच खराब निघालाय. मॉडेल नवीन, बाजारात मिळत नाय. कंपनी बदलून देते.”

“मागव.”

“लेखी कंप्लेंट पाहिजे. ग्राहकाची. ब्रेकची कंप्लेंट म्हणजे दिल्लीपर्यंत जाणार.” त्याने हात पुसले. “दादांना विचारा आधी.”

मी विचारले, कोरड्या रस्त्यावर चालेल ना? तो म्हणाला, कोरड्या रस्त्यावर गोरक्षशेठ सांभाळून नेईल. पाऊस लागला की घाटात कोण कोणाला सांभाळतो.

२९ जानेवारी

दादांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. ते कधी रागावत नाहीत. रागावले असते तर मला काही बोलता आले असते.

“त्यो काय म्हणतो? तक्रार करतो म्हणतो?”

“नाही. तो तक्रार नाही म्हणाला.”

“मंग आपुन कशाला त्याच्या तोंडात घालायची? जूनपर्यंत जाऊ द्या. निकाल लागला की पार्टच काय, अख्खी गाडी बदलून देऊ.” मग माझ्या पाठीवर हात ठेवला. “धुळ्याचं तुम्हाला नको का?”

हवे आहे. मी जिन्यात उभा राहून स्वतःला विचारले. हवे आहे. दोन खोल्या, दाराला आतून कडी, संध्याकाळी कोणी ‘काय जावईबापू’ विचारणार नाही. जून काही फार लांब नाही. पाऊस कधीकधी जूनअखेर येतो.

३ मार्च

सकाळी गोरक्षचा फोन. आवाज आनंदाचा.

“जावईबापू, दिल्लीवरून फोन आलता! बाई बोलत होती, हिंदीत. दहापैकी किती देणार. मी म्हणलं, अकरा द्येता आले आसते तर अकरा दिले आसते.”

“ब्रेकचं काही…”

“छ्या! घरातली गोष्ट बाहेरच्या बाईला सांगतो का मी? बेफिकीर राव्हा.”

फोनमध्ये मागे मैनाचा आवाज आला. काय म्हणाली ते कळले नाही. गोरक्ष तिला म्हणाला, “तू गप बैस गं.” मग मला म्हणाला, “ताईंना नमस्कार सांगा.”

गेल्या आठवड्यात दादांनी मला त्याच्याकडे पाठवले होते, काही कारण नसताना. मी त्याच्या ओसरीवर बसून भात आणि वालाची आमटी खाल्ली होती. फोन येणार हे दादांना ठाऊक असावे. मला तो योगायोग वाटला होता.

२४ मार्च

गोरक्षबरोबर शहापूरला जाऊन आलो. मीच म्हणालो, येतो. मैना पुढे डाव्या बाजूला, मी मागे. घाट सुरू झाला तसा गोरक्ष बोलायचा थांबला. मी त्याचे हात बघत होतो. ब्रेक दाबण्याआधीच तो चाक उजवीकडे जरासे वळवून धरतो. मग ब्रेक. गाडी सरळ जाते. वळणावर ट्रक अचानक थांबला तेव्हा त्याला आधी वळवायला वेळ मिळाला नाही. गाडी डावीकडच्या कठड्याकडे गेली आणि थांबली. कठड्यात आणि आमच्यात हातभर जागा असेल. पलीकडे दरी.

गोरक्ष हसला. “समजलं का? असं होतं. पण आता हातात बसलीय. सवय झाली.”

मैनाने वरची दांडी घट्ट धरली होती. तिला गाडीत बसायची सवय नसावी. शहापूर येईपर्यंत तिने ती सोडली नाही. उतरताना तिने माझ्याकडे पाहिले. मी पाण्याची बाटली हवी का विचारले. ती नको म्हणाली.

१३ एप्रिल

पाडवा. सकाळपासून गाड्या जात होत्या. प्रत्येक गाडीला हार, चाकाखाली लिंबू, नारळ, पेढे, फोटो. मी प्रत्येकाच्या हातात किल्ली दिली आणि परिवारात स्वागत असे म्हणालो. संध्याकाळी जबडा दुखत होता.

लखन जवळून जाताना म्हणाला, “लिंबू बरोबर चिरडलं पाहिजे, भाऊ. दोन्ही चाकांखाली सारखं.” आणि पुढे गेला.

२८ एप्रिल

आज गोरक्षच्या गिरणीत गेलो. ठरवूनच गेलो. धूळ होती, आवाज होता. त्याला बाहेर बोलावले आणि सांगितले. तुम्ही कंपनीला लेखी तक्रार करा. मजकूर मी सांगतो. पावसाआधी पार्ट येईल.

“तक्रार? तुमच्यावर?”

“माझ्यावर नाही. ब्रेकवर.”

“शोरूम कोणाचं? दादांचं. दादा कोणाचे? तुमचे. माझ्या आईच्या दहाव्याला तुम्ही उभे राह्यले, माइकवर बोलले. गाव आजून नाव काढतं. आन मी तुमच्या विरुद्ध कागद करू?”

“मी सांगतोय ना.”

“तुम्ही मोठ्या मनाचे म्हणून सांगता.” त्याच्या डोळ्यांत पाणी आले. “तुमचं धुळ्याचं काम चालू हाय, दादा बोलले मला. माझ्यापायी ते बिघडलं तर मी तोंड कुठं दाखवू?”

म्हणजे दादा त्याच्याशी बोलले आहेत.

मैना पोती मोजत होती. तिने विचारले, “काय म्हणतात?” गोरक्ष म्हणाला, “काय नाय. प्रेमानं आलेत.”

परतताना गोटीरामला विचारले, एखाद्या माणसाने आपली तक्रार करावी असे वाटत असेल तर काय करावे.

“सोपं हाय,” तो म्हणाला, “त्याचं जेवण नाकारायचं.”

तो गमतीने म्हणाला. मी तसे घेतले नाही.

१२ मे

गोरक्षच्या धाकट्या भावाचे लग्न होते. इगतपुरीला, शाळेच्या पटांगणात. मला पहिल्या पंगतीत मानाच्या पानावर बसवले. गोरक्ष स्वतः वाढत होता. बुंदी वाढली, मठ्ठा वाढला. श्लोक झाला. सगळ्यांनी हात घातले. मी पानावरून उठलो.

पंगत थांबली. कोणीतरी म्हणाले, जावईबापूंना घाम आला का. मी मोठ्याने म्हणालो, “तुमच्या गाडीच्या कुरकुरी ऐकून कंटाळलो. इथे जेवायला आलो नाही मी.” हे वाक्य मी घरून तयार करून आणले होते. ते तसेच वाजले.

मला वाटले, आता तो चिडेल. माझ्या अंगावर येईल. गोरक्षच्या हातात बुंदीचे पातेले होते. त्याने ते खाली ठेवले आणि हात जोडले.

“काय चुकलं आमचं?”

मी जीपकडे चालत गेलो. तो मागे आला. सुटाबुटातला नवरदेव त्याच्या मागे, मुंडावळ्या हलत होत्या. “जावईबापू, काय चुकलं तेवढं सांगा. उपाशी जाऊ नका.” गोटीराम गाडी सुरू करत नव्हता. मी ओरडल्यावर केली. तोही जेवला नव्हता.

१४ मे

तक्रार आली नाही. गोरक्ष आला. बरोबर भाऊ, नवी नवरी आणि टोपलीभर आंबे. तो आधी दादांच्या पाया पडला, मग माझ्या पाया पडू लागला. मी मागे सरकलो.

“त्या दिवशी गिरणीत मी चहा विचारला नाय. त्याचा राग आला आसंल. बरोबर हाय.”

दादांनी त्याला उठवले, शाल घातली. “जावईबापूंना उन्हाचा तरास झाला व्हता. आमचंच चुकलं.” दोघे एकमेकांची चूक नाही असे म्हणत राहिले. सासूबाईंनी नवरीची ओटी भरली. सगळ्यांनी आंबे खाल्ले. मीही खाल्ला.

जाताना गोरक्ष म्हणाला, भावालाही गाडी घ्यायची आहे, दसऱ्याला. याच मॉडेलची.

१९ मे

दादांनी समोर बसवले. आवाज मऊ.

“तुम्ही थकले. लग्नसराई लय झाली.”

“धुळ्याचं…”

“रोहित बघंल. त्याचं जाणंयेणं हायेच तिकडं, जागा बी त्यानंच पाह्यली. तुमच्याबिगर इथं माझं चालणार नाय. दहाव्याला तुमच्यासारखं कोण बोलणार? त्या पोराला धड दोन वाक्यं येत नायत.” ते खरेच कौतुकाने बोलत होते.

वर गेलो. तृप्तीला सांगितले. ती खिडकीशी गेली. मी म्हणालो, बरे झाले, तुला आईपासून लांब जावे लागणार नाही. ती वळली, माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाली, “हो.” मग पलंगाखालचे खोके ओढून काढले, स्टोव्ह मोलकरणीला देऊन आली. रागाने नव्हे. माझ्या लक्षात आले की ती कधी रागावत नाही. वडिलांवर गेली आहे.

आता गप्प राहून मिळवायचे काही उरले नाही. तरी मी गप्प आहे. आज जेवताना दादा म्हणाले, “वरण घ्या.” मी घेतले.

२ जून

डाव्या हाताने लिहितो आहे. उजवे मनगट मोडले. अक्षर लहान मुलासारखे येते.

काल इगतपुरीला ढग उतरलेले. पाऊस अजून पडत नव्हता. गोरक्ष घरी होता, संध्याकाळी माल घेऊन घाट उतरणार होता. मी म्हणालो, गाडी द्या, एक चक्कर मारून येतो. त्याने किल्ली माझ्या हातात ठेवली. “विचारायचं काय त्यात? तुमचीच हाय.”

हमरस्ता सोडून शेतांमधल्या रस्त्याला लागलो. माणूस नाही, जनावर नाही. दोन्हीकडे भातखाचरे, कोरडी. पुढे टेलिफोनचा खांब. मी वेग वाढवला. मग ब्रेक दाबला आणि हात सैल सोडले.

एवढेच केले. बाकी गाडीने केले. ती जिथे जायची तिथे गेली. बांध, मग खांब. काच माझ्या मांडीवर आली. तारा तुटून लोंबत होत्या.

फक्त किती ओढते ते पाहायचे होते, असे मी हवालदाराला सांगणार होतो. पण खांब मला आधीपासून दिसत होता.

गावातले फोन बंद पडले, म्हणून पोलीस आले. नुसती गाडी आपटली असती तर दादांनी ती रातोरात वर्कशॉपला आणून रंगवली असती. हा विचार मी आधी केला होता की नंतर, आता सांगता येत नाही.

४ जून

आज तपासणी झाली. आरटीओचे साहेब आले होते. गाडी खाचरातच, एक दिवा फुटलेला, नाक आत गेलेले. दादा पांढऱ्या कपड्यांत, रोहित त्यांच्या मागे. गोरक्ष, मैना, हवालदार. गावातली काही माणसे बांधावर बसलेली.

साहेब वाकून गाडीत बसले, पायाने ब्रेक दाबून पाहिला. “ब्रेक तर लागतोय.”

दादा म्हणाले, “साहेब, आमच्या जावईबापूंना चालवायची सवय नाय. यांची गाडी कायम ड्रायव्हर चालवतो. विचारा कोणालाबी.” हे खरे आहे.

साहेबांनी गोरक्षला विचारले, “मालक तुम्ही? गाडीला आधी काही प्रॉब्लेम?”

गोरक्षने दादांकडे पाहिले. माझ्या प्लास्टरकडे पाहिले. मग मान ताठ करून म्हणाला, “काय नाय साहेब. गाडी बेस्ट. खर्च माझा मी करीन, जावईबापूंवर काय लिहू नका.”

“तुम्ही?” साहेब माझ्याकडे वळले. “काय झालं नक्की?”

वाक्य तयार होते. ब्रेक डावीकडे ओढतो, आमच्या वर्कशॉपला जानेवारीपासून माहीत आहे. मी तोंड उघडले. दादांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. “त्यांना धक्का बसलाय,” ते म्हणाले. मला त्यांच्या हाताची ऊब लागत होती. मी साहेबांच्या बुटांकडे बघत राहिलो. वर्षानुवर्षे बोलत आलो ते मेलेल्या माणसांबद्दल. तिथे माइक असतो आणि कोणी उलट विचारत नाही.

साहेब लिहू लागले.

“मला इचारा,” मैना म्हणाली.

साहेबांनी मान वर केली. “तुम्ही चालवता का, बाई?”

“चालवत नाय. डाव्या अंगाला बसते.”

बांधावरचे कोणीतरी हसले. गोरक्ष म्हणाला, “ए, तू गप बैस.”

“आत्तापर्यंत गपच व्हते. दिल्लीच्या बाईनं यांना इचारलं, शोरूमनं यांना इचारलं. कठडा माझ्या अंगाला येतो. दर येळंला, दसऱ्यापासून. ब्रेक दाबला की गाडी माझ्याकडच्या दरीला जाते. हे हासतात न् म्हणतात, सवय झाली. मला नाय झाली सवय.” ती दादांकडे वळली. पदर डोक्यावरून घेतला होता, आवाज खाली नव्हता. “दादा, तुम्ही आमच्या घरी जेवले, तुमचे जावई जेवले. मी रांधलं. म्हणून मी मरायचं का?”

दादांचा हात माझ्या खांद्यावरून निघाला.

साहेबांनी गाडी ओढून रस्त्यावर घ्यायला लावली. सुरू झाली. ते स्वतः बसले, थोडे पुढे गेले आणि ब्रेक दाबला. गाडी डावीकडच्या गवतात जाऊन उभी राहिली. ते उतरले, उजव्या चाकाशी बसले, बराच वेळ. मग लिहिलेले खोडले.

जीपमध्ये बसताना मी मैनाला काहीतरी म्हणणार होतो. तिने माझ्याकडे पाहिले नाही. ती गोरक्षकडे बघत होती. गोरक्ष बांधावर बसला होता, तोंड दोन्ही हातांत घेऊन. आपल्या बायकोने आपले तोंड काळे केले, असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

१६ जून

पार्ट आला. लखनने बसवला. गाडी न्यायला गोरक्ष आला नाही, भावाला पाठवले. भावाने चहा घेतला नाही.

धुळे मालेगावच्या कोणाला तरी मिळाले. दादांनी जेवताना ते एकदाच सांगितले. रोहित ताटावरून उठून गेला. दादा म्हणाले, “वरण घ्या जावईबापू.”

तृप्ती रात्री म्हणाली, “तुम्ही हात मुद्दाम सोडले ना?” तिने दिवा मालवला. अंधारात म्हणाली, “मला आधी सांगायचं होतं. मीही आले असते.” ती कुठे आली असती, मला समजले नाही. झोप लागेपर्यंत विचार करत होतो.

७ जुलै

इगतपुरीकडे एका ग्राहकाच्या वडिलांचा दहावा. गोटीराम आणि मी. पाऊस काचेवर ओतल्यासारखा. घाटाच्या तोंडाशी दरड साफ करत होते, म्हणून सगळ्यांना थांबवले होते. मी पाय मोकळे करायला उतरलो, छत्री घेऊन.

मागून गोरक्षची गाडी आली. नाक नवे, रंग थोडा वेगळा. वरून एक म्हैस उतारावर घसरत एकदम रस्त्यात आली. गोरक्षने करकचून ब्रेक मारला. रस्ता ओला होता. गाडी सरळ थांबली. म्हैस तिच्या पुढे उभी राहिली आणि मग सावकाश गेली.

मैना डाव्या बाजूला होती. मांडीवर डबा, दोन्ही हात डब्यावर. ती गोरक्षला काहीतरी सांगत होती, तो ऐकत नव्हता असे दिसले. मग त्याने मला पाहिले. मी प्लास्टरचा हात वर केला. त्याने समोर नजर नेली. रस्ता मोकळा झाला आणि ते घाटात उतरून गेले.

गोटीरामने काच खाली केली. “आपलेच ना हे? गिरणीवाले?”

“होते.”

“मंग बसा आता. तिकडं लोकं वाट पाहत आसतील.”

मी बसलो.